चरबीतला ऐवज

‘शरीर हे निसर्गाने घडवलेलं सर्वांत शहाणं यंत्र आहे, त्यात एकही गोष्ट विनाकारण घडत नाही.’ शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक दर वर्षी पहिल्या तासाला हे वाक्य धीरगंभीर आवाजात म्हणत, आणि दर वर्षी ‘विनाकारण’पाशी त्यांना उचकी लागे.

घरी त्यांना प्राध्यापक कुणी म्हणत नसे. आई आणि थोरली बहीण, म्हणजे ताई, त्यांना ‘छोट्या’ म्हणत. छोट्याचं वय पन्नाशीपार गेलं होतं, टक्कलही पडलं होतं. पण त्या दोघींनी त्याची दखल घेतली नव्हती. त्यांना आदराने ‘प्रोफेसर’ म्हणणारा माणूस घरात एकच, बहिणीचा नवरा. पुढे जे झालं ते या आदरामुळेच झालं.

हे जावई बंदरावर क्रेन चालवत. उंच मनोऱ्याच्या टोकाला काचेची एवढीशी केबिन, त्यात दिवसभर एकटे. खाली माणसं मुंग्यांएवढी दिसत आणि त्यांचं बोलणं ऐकू येत नसे. सासूबाई त्यांच्याच घरी राहत असल्यामुळे या दुसऱ्या सोयीची त्यांना विशेष किंमत होती.

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी गांजाचा अर्क घातलेली बिस्किटं रीतसर लिहून दिली होती. त्या डब्याला लहान मुलांना उघडता येऊ नये असं झाकण होतं. ते सासूबाईंनाही उघडेना, म्हणून त्यांनी सगळी बिस्किटं स्वयंपाकघरातल्या साध्या डब्यात ओतली. सुट्टीच्या दिवशी दुपारी जावयांनी चहा केला आणि तोच डबा पुढे ओढला.

“जावईबापू, किती खाल्लीत?” सासूबाई दारातूनच ओरडल्या.

“चार. जरा गवतासारखी लागली. कुठल्या दुकानातली?”

“औषधाच्या! मला डॉक्टरांनी अर्धं सांगितलंय हो!”

तासभर काहीच झालं नाही. “आपण उंचीवर काम करणारी माणसं,” जावई म्हणाले, “आपल्याला असलं काही चढत नाही.” त्यानंतर ते पंख्याच्या बटणाकडे टक लावून बसले. बटण पाचावर आहे आणि पंखा मात्र तीनवर फिरतोय, ही गोष्ट आजवर सर्वांनी लपवून ठेवली, असं म्हणून ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी फ्रीजमधलं कालचं खाल्लं, आजचं खाल्लं, उद्यासाठी ठेवलेलं खाल्लं आणि बायकोला विचारलं, “अहो, मी जेवलो का?” आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तिला अहो म्हटलं होतं. ताईंना ते औषध तेवढ्यापुरतं आवडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. तिसऱ्या दिवशी कामावर गेले तर मुकादम शिडीपाशीच उभा. म्हणाला, “महिनाअखेरीला तपासणी आहे. यंदा डॉक्टर नवीन आलाय, लघवीचा नमुनाही द्यायचाय. आणि उपाशीपोटी या म्हणे.”

तपासणीत नापास झालेल्याला वर चढू देत नसत. खाली भांडारात बसवत, हातमोजे वाटायला. भांडाराचा प्रमुख म्हणजे त्यांच्याच हाताखाली शिकून, उंचीची चक्कर येते म्हणून उतरलेला माणूस. आयुष्यभर ज्याच्या डोक्यावरून लोखंड नेलं, त्याला रोज ‘साहेब, मोजे संपले’ म्हणायचं! जावयांनी तडक मेहुण्यांना फोन केला.

प्राध्यापक संध्याकाळीच आले. हा विषय ते वीस वर्षं शिकवत होते, पण स्वतःहून कुणी विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यांचा चेहरा उजळला.

“भाऊजी, मुळात आपलं शरीर स्वतःच गांजासारखं एक द्रव्य तयार करतं.”

“शिव शिव!” सासूबाई म्हणाल्या. “तू करत असशील.”

“सगळेच करतात, आई. तूसुद्धा.”

“ऐकलंस का गं? म्हातारपणी हे ऐकायचं राहिलं होतं!”

“त्या द्रव्याचा साठा नसतो,” प्राध्यापक नेटाने म्हणाले. “लागेल तेव्हा, लागेल तेवढंच, पेशीच्या आवरणातल्या स्निग्धांशापासून ताजं बनतं. आणि गंमत म्हणजे ते उलटं जातं. मेंदूत एक पेशी संदेश पाठवते, दुसरी घेते. घेणारीला फार झालं की ती हे द्रव्य सोडते. ते मागे जाऊन पाठवणारीला सांगतं, बाई, पुरे आता.”

जावई विचारात पडले. “म्हणजे आमचा खालचा माणूस. मी वरून माल सोडतो, तो खालून रेडिओवर सांगतो, हळू, हळू, बस.”

“अगदी तसंच! आणि निरोप पोचला की एक रसायन येऊन ते द्रव्य लगेच मोडून टाकतं.”

“बरोबर. रेडिओ बंद.”

“आता गांजातलं द्रव्य. निरोप ऐकणारे पेशींचे कान तेच, आणि हेही त्यांत चपखल बसतं. पण याला खालच्या पेशीने बोलावलेलं नसतं, आणि ते लवकर मोडतही नाही.”

“म्हणजे कुणी भलताच माणूस रेडिओ घेऊन बसलाय आणि अख्ख्या बंदराला हळू, हळू सांगतोय!”

“वा!” प्राध्यापकांनी ते वाक्य पुढच्या तासासाठी मनात टिपून ठेवलं. “असे कान भुकेच्या जागी आहेत, म्हणून तुम्ही फ्रीज रिकामा केलात. आठवणीच्या जागी आहेत, म्हणून ते विसरलात. वेदनेच्या वाटेवर आहेत, म्हणून आईचे गुडघे.”

“गुडघे तसेच दुखतात,” सासूबाई म्हणाल्या. “फक्त मला त्याचं काही वाटत नाही.”

“प्रोफेसर, ते सगळं राहू द्या. ते लघवीत किती दिवस सापडतं?”

याचं उत्तर सोपं होतं. एकदाच खाल्लेलं साधारण आठवड्याभरात निघून जातं आणि तपासणी महिनाअखेरीला होती. प्राध्यापकांना हे माहीत होतं. पण ते एका वाक्यात संपलं असतं, आणि चहा अजून यायचा होता.

“ते पाण्यात विरघळत नाही, भाऊजी, चरबीत विरघळतं,” ते म्हणाले. “शरीरातल्या चरबीत जाऊन दडून बसतं आणि तिथून थोडं थोडं झिरपत राहतं. कधी दिवस, कधी आठवडे.”

जावयांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. दडायला जागा भरपूर होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जेवण निम्मं केलं आणि इमारतीचा जिना धावत चढायला-उतरायला सुरुवात केली. चरबी गेली की ऐवजही जाईल असा साधा हिशेब. पुढच्या सुट्टीला प्राध्यापक जेवायला आले, तेव्हा जावई त्यांना जिन्यातच धडकले.

“थांबा! काय करताय?”

“चरबी जाळतोय.”

“अहो, घात कराल! चरबी जळली की आत दडलेलं सगळं रक्तात उतरतं आणि तिथून लघवीत! यावर अभ्यास झालाय.”

हा अभ्यास रोज गांजा ओढणाऱ्या मोजक्या माणसांवर झाला होता आणि त्यात आढळलेली वाढही जेमतेम होती. प्राध्यापकांनी हेही सांगितलं. पण तोवर जावई पायरीवर बसले होते आणि त्यांनी हलायचं सोडून दिलं होतं.

“मग करू काय?”

“काही करू नका. स्वस्थ बसा, पोटभर खा. शरीराला बाहेरून इंधन मिळत राहिलं की ते साठ्याला हात लावत नाही. तपासणी होईपर्यंत ऐवज जिथे आहे तिथेच कुलूपबंद ठेवायचा.”

जावयांनी हा सल्ला पाळला, आणि मन लावून पाळला. सकाळी लोण्यात बुडालेला पाव, दुपारी तळलेले बटाटे, चार वाजता केक, झोपताना साखर घातलेलं सायीचं दूध. शेजारी कोपऱ्यावरच्या दुकानात निघाले तर म्हणत, “मी नाही येत, चालायची मनाई आहे.” केबिनची शिडी तेवढी चढावी लागे, तीही ते मधे थांबून, एक एक चॉकलेट खात चढत.

“आई, यांना शर्ट होईनासे झालेत,” ताई म्हणाल्या.

“होऊ दे गं,” सासूबाई म्हणाल्या. “छोट्या शिकलेला आहे. मी चार बिस्किटं गमावली, बेकरीवाल्याचं नशीब फळफळलं.”

तपासणीच्या आदल्या दिवशी जावयांनी शेवटची शंका काढली. “प्रोफेसर, उपाशीपोटी यायला सांगितलंय.”

प्राध्यापक समजूतदारपणे हसले. “सांगणारच! उपाशी राहिलं की शरीर काय जाळतं?”

“चरबी.”

“आणि चरबीत काय आहे?”

“अरे, लबाड!” जावई त्या न पाहिलेल्या डॉक्टरला उद्देशून म्हणाले.

“तुम्ही भरपेट खाऊन जा. गोड खा, ते लवकर भिनतं.”

सकाळी जावयांनी अर्धा केक संपवला, त्यावर सायीचं दूध घेतलं आणि निघाले. धीर द्यायला प्राध्यापकही कॉलेजला दांडी मारून बरोबर गेले आणि दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसले.

नवा डॉक्टर तरुण होता आणि घाईत होता. त्याने डोळे तपासले, उत्तम. कान, उत्तम. रक्तदाब पाहून तो ‘हं’ म्हणाला. मग नमुन्यात पट्टी बुडवली, उजेडात धरली आणि दुसरी पट्टी बुडवली.

“उपाशी आहात ना?”

“अगदी कडकडीत,” जावई म्हणाले.

डॉक्टरने पेन उघडलं. “मग पुढची तपासणी होईपर्यंत वर चढायचं नाही. खाली काहीतरी काम देतील.”

जावई टेबलावर वाकले. “सापडलं?”

“सापडलं म्हणजे? पट्टीचा रंग बघा की.”

“साहेब, चूक झाली. चारच बिस्किटं खाल्ली होती, तीही चुकून. सासूबाईंची.”

“किती खाल्लीत ते मला कसं कळणार?” डॉक्टर म्हणाला. “बिस्किटंसुद्धा बंद करा.”

जावई बाहेर आले. प्राध्यापक बाकावरून उठले.

“काय झालं?”

“हातमोजे.”

“शक्यच नाही. चरबी जळलीच नाही तर तो पदार्थ लघवीत येईल कुठून?” असं म्हणत प्राध्यापक दार ढकलून आत गेले. त्यांनी आपली पदवी सांगितली, विषय सांगितला, ते द्रव्य चरबीत कसं दडतं हेही सांगितलं आणि गांजाची चाचणी पुन्हा करण्याची रीतसर मागणी केली.

डॉक्टरने ऐकून घेतलं. पट्ट्यांची बाटली त्यांच्यापुढे ठेवली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

पट्ट्या साखर तपासायच्या होत्या.