मँगोसारखाच दुसरा

मुलांचं काही मोडलं, हरवलं, की आपण घाईघाईने म्हणतो, "रडू नकोस, दुसरं आणू." परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्या घरांना हे वाक्य फारच सोपं जातं. खाली उतरलं की मॉल, आणि मॉलमध्ये सगळं! बहारीनमधल्या जुफैरच्या एका उंच इमारतीत राहणाऱ्या शिवांगीच्या घरी हेच वाक्य एका जिवाबद्दल बोललं गेलं. त्याची ही गोष्ट.

रविवारची सकाळ होती; इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. तिची नऊ वर्षांची मुलगी तेजस्वी ईसा टाउनच्या शाळेच्या बसमध्ये चढली, शिवांगी लिफ्टने वर आली, आणि पाहते तर मँगो काचेच्या पेटीत पाठीवर पडलेला. मँगो म्हणजे लेपर्ड गेको, पाळायची एक पाल. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, आणि जिवणी अशी की सतत हसतोय असं वाटावं. तेजस्वीच्या वाढदिवसाला दुकानातून आणलेला. पुण्याहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या होत्या, "अगं, आम्ही झाडू घेऊन पालीच्या मागे धावतो, आणि तुम्ही तिला पैसे मोजून घरात आणता?"

हळूहळू त्याने खाणं सोडलं होतं. शेपटी वाळत चालली होती. शिवांगीने दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, नया घर है, घबराया है. इंशाल्ला खाएगा." नेटवर तिने दहा ठिकाणी वाचलं आणि दहा वेगळी उत्तरं मिळाली. आणि आता हे.

तिचा नवरा मयुरेश बँकेत निघायच्या घाईत होता. त्याने पेटीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

"ती यायच्या आत उरकून टाकू," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे काय! दुसरा आण. सेम दिसणारा. तिला कळणारसुद्धा नाही. माझ्या ऑफिसातल्या सलीलकडे फिशटँकमधले मासे कितीदा बदललेत, पोरांना पत्ता नाही."

त्याने मँगोला पेपरात गुंडाळलं, किचनमधल्या काळ्या पिशवीत टाकलं आणि पिशवी मजल्यावरच्या, कचरा खाली सोडायच्या शूटमध्ये सोडून दिली. पोरीच्या डोळ्यांत पाणी येण्यापेक्षा हे बरं, असं शिवांगीने स्वतःला समजावलं.

दुपारी तेजस्वीला तिने सांगितलं, "मँगोला बरं नाहीये. डॉक्टरांकडे ठेवलाय. वीकेंडला आणू."

"ओके," तेजस्वी म्हणाली आणि खोलीत गेली. ना प्रश्न, ना हट्ट. मुलीच्या डब्यात उरलेला घासही जिच्या नजरेतून सुटत नाही, त्या शिवांगीला ही शांतता खटकायला हवी होती. पण तिच्या डोक्यात आता एकच होतं: वीकेंडच्या आत दुसरा मँगो.

आणि या वेळी फसायचं नाही! जातिवंत, निरोगी, ज्याच्या आईबापांची माहिती आहे, अशा ठिकाणाहूनच आणायचा.

आधी ती दुकानदाराशी भांडली. "आजारी जनावर विकलंत तुम्ही!"

"आप के घर में बीमार हुआ, मॅडम. गॅरंटी मफी, नहीं है," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मग ऑनलाइन जाहिरात देणारा मुनाफ नावाचा एक तरुण तिला इमारतीच्या पार्किंगमध्ये भेटायला आला. त्याने गाडीची डिकी उघडली. मिठाईच्या प्लॅस्टिक डब्यांना भोकं पाडून आत एकेक गेको कोंबलेला. बाहेरचं ऊन असं की गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. एकाच्या डोळ्यांवर कात चिकटलेली, दुसऱ्याची शेपटी दोरीसारखी.

"यांचे आईबाप कुठे आहेत?" शिवांगीने विचारलं.

"आंटी, शादी करनी है क्या इनकी?" तो हसला.

"लाज वाटत नाही का रे तुला?" ती मराठीतच ओरडली. तो डिकी आपटून निघून गेला.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या पॅट्रिशियाने एक नंबर दिला. पॅट्रिशिया वसईची, हॉस्पिटलात नर्स. "माझ्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, शर्लिन, आमच्या वसईचीच. जनाबियाला राहते, घरी गेको वाढवते. जनावरं एकदम धडधाकट. पण एक सांगते, बाई तोंडाने फटकळ आहे. रडू नकोस हां तिथे."

"मी कशाला रडेन?" शिवांगी म्हणाली.

गुरुवारी ती एकटीच जनाबियाला गेली. दार उघडणाऱ्या शर्लिनने तिच्या सँडलपासून पर्सपर्यंत एकदा नजर फिरवली. "आधी हात धुवा. बेसिन तिकडे."

आतली खोली पाहून शिवांगीला पहिल्यांदाच हायसं वाटलं. स्वच्छ पेट्या, प्रत्येकीत लपायला जागा, पाण्याची वाटी, एका बाजूला तापमापक. शिवांगीने पाठ केलेले सगळे प्रश्न विचारले. पिल्लं इथेच जन्मली का? आईबाप बघता येतील का? विष्ठा तपासली आहे का? खातात का नीट? शर्लिनने आईबाप दाखवले, तपासणीचं सांगितलं, एका पिल्लासमोर चिमट्यात अळी धरली. पिल्लाने मान वाकडी केली, शेपटीचं टोक हलवलं आणि झडप घातली.

"झालं समाधान?" शर्लिनने विचारलं.

"हो. मला असा हवाय." शिवांगीने मोबाइलवरचा मँगोचा फोटो पुढे केला. "अगदी असाच. डोक्यावरचे ठिपके जमले तर फारच बरं."

शर्लिन फोटोकडे बघतच राहिली. "हा कुठे आहे?"

"हा... भाचीचा आहे. म्हणजे तसाच मलाही हवाय."

"भाचीचा. बरं. आता माझी पाळी." शर्लिन हाताची घडी घालून उभी राहिली. "घरात एसी किती वर असतो?"

"एकोणीस. बाहेर किती तापतं तुम्हाला माहितीये."

"गेकोच्या पेटीला हीटर लावणार?"

शिवांगीला हसू आलं. "हीटर? बहारीनमध्ये?"

"पेटीत खाली काय घालणार?"

"वाळू. वाळवंटातलाच प्राणी आहे ना तो."

शर्लिनचा चेहरा कडक झाला. "या फोटोत खाली वाळू आहे. वर एसीचं तोंड दिसतंय. आणि ही शेपटी बघा, हाडाला लागलीये. हा भाचीचा नाही, मॅडम. हा तुमचा होता. आणि तो मेलाय."

"दुकानदाराने आजारी दिला होता!"

"आजारी दिला असेल. मारला तुम्ही."

"काय बोलताय तुम्ही?" शिवांगीचा आवाज चढला. "मी पोरीसारखी काळजी घेतली त्याची!"

"पोरीसारखी? पोरगी थंडीने काकडली तर स्वेटर घालता की नाही? बाहेर वाळवंट आहे म्हणून आत पण वाळवंट आहे असं समजता तुम्ही सगळे. घर फ्रिजसारखं करून ठेवता. या प्राण्याला पोटाखाली ऊब नसेल तर खाल्लेलं पचत नाही. वर ही वाळू, खाण्याबरोबर पोटात जाते आणि आतडी बंद होतात. तो हळूहळू मेला तुमच्यासमोर. आणि तुम्ही काय करताय? ठिपके मॅच करताय!"

"तुम्हाला विकायचंय की भाषण द्यायचंय?"

"तुम्हाला नाही विकायचं."

शिवांगी थक्क झाली. "अहो, पैसे देतेय मी!"

"ते दुकानदाराला द्या. जुलैमध्ये इंडियाला जाणार ना? तेव्हा कोण बघणार होतं याला?"

"कुणीतरी... शेजारी."

"नाव सांगा त्या शेजाऱ्याचं."

शर्लिनने भिंतीकडच्या पेट्यांकडे बोट केलं. "ही सगळी जनावरं त्या शेजाऱ्यांकडची आहेत. शाळांना सुट्टी लागते, तुम्ही विमानात बसता, आणि माझ्या दाराशी पिशव्या येतात. कासवं, ससे, गेको. कॉम्पाउंडचा वॉचमन म्हणतो, मॅडम, फिर आया. प्रत्येक जण मला विचारतो, ब्रीडर खात्रीचा आहे का. घर खात्रीचं आहे का, हे कोण विचारणार?"

"माझ्या मुलीला मी काय सांगू पण?" शिवांगीच्या तोंडून निघून गेलं.

"अच्छा! म्हणजे तिला माहीतच नाही." शर्लिनने दार उघडून धरलं. "खोटं बोलण्यासाठी माझं पिल्लू वापरायचं नाही. पोरीला खरं सांगा. मग तिला घेऊन या. नाही जमलं तर येऊ नका. खलास."

गाडीत बसून शिवांगीने स्टिअरिंगवर हात आपटला. "स्वतःला समजते कोण!" जनाबियापासून जुफैरपर्यंत ती शर्लिनला उत्तरं देत राहिली. प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा झणझणीत होतं. पण घराचं दार उघडलं, अंगावर थंड हवेचा झोत आला, आणि तिच्या दंडावर काटा उभा राहिला. तिने रिकाम्या पेटीत तळहात टेकवला. वाळू गार होती.

मयुरेश ऑफिसातून आला तेव्हा ती म्हणाली, "आज तेजूला सांगणार आहे."

"वेड लागलंय का? त्या मुनाफकडून घेऊन ये एखादा. उद्या शुक्रवार आहे, ती विचारेल!"

"ती विचारत नाहीये, मयुरेश. आठवडाभर तिने एकदाही विचारलं नाही. तुला नाही कळत यातलं?"

तो वैतागून टीव्हीसमोर बसला. "मला या रडारडीत घेऊ नको."

शिवांगी मुलीच्या खोलीत गेली. तेजस्वी चित्र रंगवत होती. शिवांगी तिच्याजवळ जमिनीवर बसली.

"तेजू, मँगो डॉक्टरांकडे नाहीये. तो गेला, बाळा. रविवारीच. मी तुझ्याशी खोटं बोलले."

तेजस्वीच्या हातातला ब्रश थांबला. "आय नो," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"ही वॉज कोल्ड, मम्मा. सॅटरडे नाइटला मी हात लावला होता." तिने ब्रश खाली ठेवला. "इट वॉज मी, ना? मी एक दिवस त्याला वर्म्स द्यायला विसरले. म्हणून तो मेला. म्हणून तू मला सांगितलं नाहीस."

चार अश्रू वाचवायला शिवांगी निघाली होती, आणि तिच्या गप्प बसण्यातून पोरीने खुनाचा आळ स्वतःवर घेतला होता! आठवडाभर ते ओझं दप्तरासारखं पाठीवर घेऊन ती शाळेत जात होती!

"नाही गं राणी! तू नाही, तू मुळीच नाही! चूक माझी आहे. त्याला ऊब लागते हे मी शिकून घेतलं नाही. मी एसीखाली ठेवला त्याला. वाळू मी घातली."

तेजस्वीने मान वर केली. तिच्या डोळ्यांत आता राग होता, आणि शिवांगीला तो सोसायचाच होता.

"व्हेअर इज ही नाऊ?"

हॉलमधला टीव्हीचा आवाज बंद झाला. मयुरेश दारात येऊन उभा होता. शिवांगीला एक सोपं उत्तर सुचलं होतं: बागेत, झाडाखाली. पण तिने ते गिळलं.

"आम्ही कचऱ्यात टाकला," ती म्हणाली.

"यू थ्रू हिम?" तेजस्वी किंचाळली. "लाइक गार्बेज?"

ती खूप रडली. आईला ढकलून रडली, मग आईला धरून रडली. मयुरेश आत आला, पलंगाच्या कडेला बसला आणि खाली बघत म्हणाला, "पप्पाने टाकला, तेजू. मम्माने नाही. पप्पाचं चुकलं."

शनिवारी तिघंही जनाबियाला गेले. शर्लिनने दार उघडलं. चेहरा तसाच, कडूच.

"सांगितलं?"

"सांगितलं," शिवांगी म्हणाली. "कचऱ्यात टाकला तेही सांगितलं."

शर्लिनने बेसिनकडे बोट केलं. सगळ्यांना हात धुवायला लावले. मग एक पिल्लू तेजस्वीच्या तळव्यावर ठेवलं. "हा मँगोसारखा दिसत नाही हां. चालेल?"

"ही इज नॉट मँगो," तेजस्वी म्हणाली.

"बरोबर. आणि आत्ता तो मिळणार नाही. आधी पेटीला हीटिंग मॅट लावायची, वाळू काढायची, तापमान जमवून दाखवायचं. इंडियाहून परत आलात की सप्टेंबरात न्यायचा. पुढच्या सुट्टीत कुठे ठेवणार, ते त्या माणसाला विचारून मला सांगायचं. कबूल?"

मयुरेशने तोंड उघडलं होतं, पण शिवांगी आधी बोलली. "कबूल."

शर्लिन तेजस्वीकडे वाकली. "आणि एक सांग. एवढं सगळं करून हा पण मेला तर?"

तेजस्वी पिल्लाकडे बघत होती. मग तिने, बहुतेक शर्लिन आंटीला नीट कळावं म्हणून, तुटक मराठीत उत्तर दिलं.

"मी मम्माला सांगणार. आणि मम्मा मला सांगणार. लगेच."

आपण सगळेच मुलांसाठी उत्तम ते शोधत असतो. खात्रीचं दुकान, खात्रीची शाळा, खात्रीचा ब्रीडर. शोधायलाच हवं. पार्किंगमध्ये डिकीतून जीव विकणाऱ्यांकडून काहीही घेऊ नये, हे तर नक्कीच. पण जीव घरी आणण्याआधी आपल्या घराचीही तशीच कडक तपासणी करू या. त्याला काय लागतं हे आपण शिकलोय का? आपण गावी गेल्यावर त्याला कोण बघणार? आणि तो गेलाच, तर लेकराच्या डोळ्यांत बघून खरं सांगायची हिंमत आपल्यात आहे का? ती नसेल, तर पेटी रिकामीच राहू द्यावी. मुलं दुःख सोसतात. आपलं खोटं मात्र ती एकटीच, मुकाट्याने सोसत राहतात.