गट नंबर दोनशे चौदा

पंकजानं गट नंबर दोनशे चौदाची ओळ खोडली, पुन्हा लिहिली आणि पुन्हा खोडली. 'पाचशे वीस फूट, कोरडा.' एवढीच तर ओळ. पण तिच्या शेजारीच, पानाच्या उजव्या अंगाला, आज सकाळपासून जाहिरातीतली एक निळी बोअर मशीन झळकत होती. खाली ठळक अक्षरं: बजरंग बोअरवेल्स, पाथर्डी रोड.

दर सोमवारी तिच्या ब्लॉगवर आसपासच्या बारा गावांतल्या कोरड्या गेलेल्या बोअरची यादी यायची. कोरडा बोअर कुणी चारचौघांत बोलून दाखवत नाही. भोकावर दगड ठेवायचा आणि गप्प बसायचं, नाहीतर जमिनीचा भाव उतरतो, पोरीची सोयरीक अडते. पंकजाला मात्र लोक सांगत, कारण ती नाव छापत नसे; फक्त गट नंबर आणि खोली. बाकीचे ते पान बघून ठरवत, आपल्या वावरात मशीन बोलवायची की नाही.

लोक वाचत होते खरे, पण गुगलच्या जाहिरातींनी वर्षभरात जे दिलं त्यात तिच्या मोबाईलचं रिचार्जही भागलं नसतं. भावानं, संदीपनं, नागापूरच्या कंपनीत तिच्यासाठी जागा बघून ठेवली होती. एक तारखेला हजर व्हायचं, मग ब्लॉग संपला. म्हणून पानावरची जागा विकायला ती स्वतःच दुकानं हिंडली. ठिबकवाल्यानं चहा पाजून वाटेला लावलं. नर्सरीवाला दिवाळीनंतर बघू म्हणाला. बजरंगशेठनं मात्र तिचा दराचा कागद दोनदा वाचला आणि सहा महिन्यांचे पैसे एकदम दिले. अट एकही घातली नाही. त्याचीच तिला जास्त धास्ती वाटत होती.

दोनशे चौदा हनुमंतरावांचा. शनिवारी त्यांनीच हळू आवाजात फोन केला होता. मशीन कुणाची, हे तिनं विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात? या भागात दुसरी मशीन आहे कुणाची! ज्याची जाहिरात, त्याचीच फजिती शेजारी छापायची, म्हणजे पहिलंच गिऱ्हाईक हातचं घालवायचं.

"टाकलं का गं पान?" ओट्यावरून वडिलांनी, सहादेवांनी विचारलं.

"टाकते."

तिनं ती ओळ वगळून पान टाकलं. पुढच्या सोमवारी घेऊ, आठ दिवसांत काय आभाळ कोसळतंय, असं तिनं स्वतःला बजावलं. खाल्ल्या मिठाला जागतोय आपण, असंही.

गुरुवारी अकराच्या सुमाराला बजरंगशेठचा फोन आला. मन चिंती ते वैरी न चिंती. पैसे परत मागणार, हेच तिच्या मनात पहिल्यांदा आलं.

"ताई, सोमवारच्या यादीत काय राह्यलं का?"

"का हो, शेठ?"

"दोनशे पंधरात हाय मी. कडूबाईंच्या वावरात. बाई लेकीकडं बेलापूरला हुत्या. तिथंच लेकीनं तुमचं पान वाचून दावलं. शेजारी एकबी कोरडा न्हाई म्हनून शेळ्या इकून मशीन बोलवली त्यांनी. मीबी बघितलं. तुमची यादी बघितल्याबिगर मी गाडी काढीतच न्हाई. कोरडा गेला की बोल मला लागतो. म्हनून तर जाहिरात दिली, ताई."

पंकजानं धीर करून विचारलं,

"हनुमंतरावांचा बोअर तुमच्याच गाडीनं मारला ना?"

"हनुमंतानं बोअर मारला? कवा?"

"गेल्या शुक्रवारी."

"बाहेरची गाडी आणली आसंल. गुपचूप मारायचा आसला की तसंच करत्यात." मग त्यानं हळूच विचारलं, "लागलं का पानी?"

तिला लाज वाटली. "पाचशे वीस फूट," ती म्हणाली. "कोरडा. मी लिहिलं होतं, शेठ. तुमच्या जाहिरातीपायी खोडलं."

फोनमध्ये मागं मशीनची घरघर चालूच होती.

"तुमचं किती फूट झालं?" तिनं विचारलं.

"साडेतीनशे. धुरळाच निघतोय."

"थांबवा."

त्यानं कुणाला तरी हाक मारली. घरघर बंद झाली. लगेच लांबून कडूबाईंचा चिडका आवाज ऐकू आला.

"का रं थांबवली? पंकजाच्या यादीत न्हाई, म्हंजी लागनार पानी. चालू कर."

"ताई, म्हातारी ऐकंना," बजरंगशेठ म्हणाला. "काय सांगू तिला?"

"फोन त्यांच्याकडं द्या."

फोन या हातातून त्या हातात गेला. कडूबाईंनी तो कानाला लावल्याचं त्यांच्या बांगड्यांच्या आवाजावरून कळलं.

"पंकजा, तू हायेस व्हय? बरं झालं बाई," कडूबाई म्हणाल्या. "तूच सांग ह्याला. माझं म्हननं पटंना त्याला, तुझं ऐकंल."