पडद्याची भिंत

नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात तिला ठोकबाई म्हणत, कारण हातोडीने ठोकून पाहिल्याशिवाय ती कुठल्याच बांधकामावर विश्वास ठेवत नसे. निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि टेबलावर एकच फाइल अडली होती. गाडीत बसूनच सिनेमा बघायचं ते जुनं उघडं थिएटर चौदा वर्षं बंद पडलं होतं. तिथे मुलांना मैदान, एक वाचनालय आणि म्हाताऱ्यांना बाकं द्यायची, यावर चार वर्षं बैठका झाल्या. बैठकांचं काय, चहा संपला की त्या संपतात. आता राहिली होती फक्त पडद्याची चार मजली भिंत. ती धोकादायक आहे असं लिहून ठोकबाईने सही केली, की भिंत पडणार आणि काम सुरू होणार.

अडचण घरातच होती. तिचा नवरा त्याच थिएटरचा ऑपरेटर. सव्वीस वर्षं त्याने तिथलं यंत्र चालवलं. भिंत पाडणार हे कळल्यापासून त्याने आठ दिवस अबोला धरला होता.

"आतलं लोखंड गंजलंय हो," तिने पुन्हा सांगून पाहिलं. "पोरांच्या अंगावर पडली तर?"

"काही होत नाही तिला," तो एकदाचा बोलला. "माझी भिंत मला ठाऊक आहे."

कंत्राटदाराशी भांडून, समितीशी भांडून ती पार थकली होती, आणि घरी आलं की पुन्हा तेच पाढे. शेवटी एका सकाळी तिने त्याला हाताला धरून सोबत नेलं.

यंत्राची खोली मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होती. तो सवयीने तिकडेच वळला. तिने त्याला उलटं फिरवलं. गाड्यांची तोंडं वर राहावीत म्हणून घातलेले मातीचे उंचवटे काठी टेकत, धापा टाकत ओलांडून तो भिंतीपाशी पोचला आणि वर बघत राहिला.

"केवढी मोठी आहे गं ही."

"म्हणजे? तुम्ही कधी जवळ आलाच नव्हतात?"

"कसा येणार? खेळ चालू असताना यंत्रापासून हलायचं नाही. खेळ संपला की दिवे बंद, आणि घर."

तिने हातोडी त्याच्या हातात दिली. त्याने ठोकलं. आवाज पोकळ आला आणि ताटाएवढा पापुद्रा सुटून पायाशी पडला. आतली सळई गंजाने खाऊन टाकली होती. त्याने जरा बाजूला ठोकलं, मग आणखी बाजूला. सगळीकडे तेच. आपण बरोबर ठरलो याचा तिला काडीचाही आनंद झाला नाही. ही मेली भिंत आजच्यापुरती तरी धड निघायला हवी होती, असंच तिला वाटलं.

"सही कर," तो म्हणाला.

"घरी जाऊन करते, निवांत."

"नको, आत्ताच कर. घरी गेलो की मला ती पुन्हा लांबून दिसेल."

दोन्ही हात भिंतीला लावून तो पाठमोरा उभा राहिला. तिने पिशवीतून फाइलमधला कागद काढला. टेकवायला त्या पापुद्रे सुटणाऱ्या भिंतीशिवाय जवळ दुसरं काही नव्हतं. तिने तो त्याच्या पाठीवर ठेवला आणि सही केली. सही वेडीवाकडी आली, कारण पाठ थरथरत होती.