वजनकाट्याचा प्रोग्राम

खालापूरजवळच्या कागद कारखान्यात एकच कॉम्प्युटर होता, आणि सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो पार मेटाकुटीला आला होता. पगाराचं काम सुरू झालं की त्याला जोडलेल्या बाकीच्या टर्मिनलच्या पडद्यांवर अक्षर उमटत नसे. साहेबांनी विमलला बोलावून सांगितलं, "सीपीयूचा वेळ कुठे जातो, कोणता प्रोग्राम किती खातो, ते मोजून दाखवा."

विमल पळसदरीची. तिला या कामात तयार केलं ते कळंबच्या भिवाजींनी. कारखान्यात हे कॉम्प्युटरचं मशीन आलं तेव्हापासून ते त्याच्यापाशी होते, आणि विमल त्यांना भाऊ म्हणे.

मोजणीचा प्रोग्राम मशीनबरोबरच आला होता, पण तो आजवर कुणी चालवला नव्हता. विमलने त्याला क्षणाक्षणाला नोंद घ्यायला लावलं, तर मशीन आणखीच बसलं.

"अगं, इतक्यांदा इचारशील तर ते उत्तरं देण्यातच दमंल," भिवाजी शेजारी बसत म्हणाले. "जरा उसंत दे त्याला."

तिने नोंदींमधलं अंतर वाढवलं. मग कोणते प्रोग्राम मोजायचे ते ती एकेक घालू लागली. मालाचे ट्रक तोलणाऱ्या वजनकाट्याचा प्रोग्राम भिवाजींनी लिहिलेला. त्यातच काही गोम असावी, असं तिला बरेच दिवस वाटत होतं. तिने तो गाळला.

"काट्याचं नाव नाय घातलंस?"

"लहानसा तर हाय तो, भाऊ. त्यात काय मोजायचं?"

"लहान का मोठा ते मशीन सांगंल. घाल."

दुपारी आकडे निघाले. सीपीयूचा निम्म्याहून जास्त वेळ तो एकच प्रोग्राम खात होता. काट्यावर ट्रक आला का, आला का, असं तो अखंड विचारत राही. ट्रक नसला तरी थांबत नसे.

भिवाजींनी कागद हातात घेऊन सावकाश वाचला. "थांबायला सांगायचं इसरलोच मी," ते म्हणाले. "तवा मशीनला दुसरं काम नव्हतं. कळलंच नाय."

"एक ओळ घातली की झालं. आत्ताच घालते. मशीन सुधारलं एवढंच साहेबांना सांगू."

"आन् कशानं सुधारलं, इचारलं तर?"

भिवाजी उठले आणि स्वतःच कागद घेऊन साहेबांकडे गेले.

साहेब ओरडले नाहीत. त्यांनी भिवाजींची बदली मालाच्या कोठारात केली. विमल सांगायला गेली, की चूक बारीक होती. "इतकी वर्षं सगळा कारखाना त्या बारीक चुकीपायी ताटकळला, बाई," साहेब म्हणाले.

मशीन सुरळीत चालू लागलं. भिवाजींची जागा विमलला मिळाली.

ती डबा घेऊन कोठारात गेली. नटबोल्टांच्या पेट्यांमध्ये भिवाजी एकटेच बसले होते. त्यांनी तिच्यासाठी एक खोकं पुढे सरकवलं.

"तुमी बोलला नसता तर मी ते नाव घातलं नसतं," ती म्हणाली.

"म्हाईत हाय मला. जेव तू."

दोघं जेवली. पुढे कामं वाढली आणि तिचं कोठाराकडे जाणं कमी होत गेलं. दिवाळीनंतर कुणाकडून तरी कळलं, की भिवाजींनी नोकरी सोडली आणि ते गावी शेती बघतात. कळंब काही लांब नव्हतं. कामावर जाता-येता कर्जतच्या स्टँडवर तिला तिकडची एसटी रोज उभी दिसे. ती तिच्यात कधी चढली नाही.