पेल्यागणिक खडा

सकाळी अकरापासून दोन आकडे सुभद्रा सिस्टरच्या मागं हात धुऊन लागले होते. चार नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या पोटात चोवीस तासांत गेलेलं पाणी सव्वीसशे मिलिलिटर आणि बाहेर आलेली लघवी अवघी अडीचशे. दोन्ही आकडे तिनंच, आपल्या त्या प्रसिद्ध वळणदार अक्षरात, तक्त्यात भरले होते. प्रसिद्ध म्हणजे कुठवर, तर साखर कारखान्याच्या आठ खाटांच्या दवाखान्यापुरतं. पण एकोणतीस वर्षांच्या नोकरीत आपला तक्ता कधी चुकला नाही, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची आणि समोरचाही मुकाट ऐकून घ्यायचा.

सहकारी कारखान्याचं धुराडं दोन हंगाम गार पडलं होतं, कारण शिवारात उसाचं कांडं उरलं नव्हतं. उसाच्या गाड्या जिथं उभ्या राहायच्या त्या तळावर आता जनावरांची छावणी होती. दूध संघाचा टँकर दूध आटल्यामुळं पाणी वाहत होता. तो दिवसाआड यायचा आणि दवाखान्याला दोन पिंपं देऊन जायचा. म्हणून दारावर पाटी होती: 'वॉर्डातले पाणी फक्त पेशंटसाठी. नातेवाइकांनी छावणीच्या टाकीवर जावे.' पाटीवरचं अक्षरही सिस्टरचंच.

चार नंबरवर चकलांब्याचा तात्याबा होता. चाऱ्याच्या शोधात मेंढरं घेऊन निघाला आणि उन्हाचा तडाखा बसून, उलट्या होऊन वाटेतच पडला. पोरं कळप घेऊन पुढं गेली, बायको बायडाबाई उशाशी राहिली. पहिल्या दिवशी दोन सलाईनं लागली, उलट्या थांबल्या, मग डॉक्टरांनी सांगितलं, आता तोंडानं भरपूर पाणी द्या. सिस्टरनं बायडाबाईच्या हातात दोनशे मिलिलिटरचा पेला दिला, खिडकीत वाटी ठेवली आणि बजावलं, "मावशी, दर पेल्याला एक खडा वाटीत टाकायचा. विसरायचं नाही." खड्यांवर मेंढरं मोजणाऱ्या बाईला मोजणं काय शिकवायचं! सकाळी वाटीत बरोबर तेरा खडे निघाले.

मंगळवारी डॉक्टर युसूफ वडगावला असायचे. त्यांनी फोनवर आकडे ऐकले. "म्हणजे पाणी आत साठतंय, सिस्टर. किडनी हात टेकतेय. लघवीचं इंजेक्शन द्या. तीनपर्यंत झाली नाही तर बीडला हलवू."

"हो सर," म्हणून सिस्टरनं इंजेक्शन भरलं, ट्रेमध्ये ठेवलं आणि खाटेपर्यंत गेली. तिथं तिचं पाऊल अडलं.

पाणी साठतंय, तर कुठं? तिनं म्हाताऱ्याच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला नाही, सूज नव्हतीच. पाठीला नळी लावली, छाती मोकळी होती. बेंबीखाली हात फिरवला, पोट मऊ लागलं, म्हणजे लघवी तुंबलेलीही नव्हती. "बाबा, जीभ दाखवा." जीभ चपलेच्या तळासारखी कोरडी. छातीवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर चिमटी तशीच उभी राहिली. नाडी एकशे सोळा. उठवून बसवलं की प्रेशर ऐंशीवर यायचं.

सव्वीसशे पिणाऱ्याचं अंग असं असतं होय?

अंग खरंच कोरडं असेल, तर हे इंजेक्शन राहिलेलं पाणीही पिळून काढणार. पण तक्ता उलटं सांगत होता, आणि तक्ता तिचा होता. इंजेक्शन दिलं आणि म्हातारा गेला, तर तो तक्ता तिला वाचवणार होता. न देता गेला, तर तोच तिच्या गळ्याशी येणार होता. ती टेबलाशी गेली, परत आली, पुन्हा गेली. पाच नंबरची बाई म्हणाली, "सिस्टर, जरा बसा की, मलाच घेरी यायला लागली." सिस्टरनं तिच्याकडं असं पाहिलं की बाईनं कूस बदलली.

म्हाताऱ्याचीही तीच गत. घडीघडी कोपरावर उठायचा, खिडकीकडं मान उंचावायचा आणि बायकोला विचारायचा, "बसली का गं? का हुबीच हाय?" ऊन डोक्यात गेलंय, असं सगळ्यांनीच ठरवून टाकलं होतं. सिस्टरनंही.

पावणेदोनला बायडाबाईनं पेला भरला. सिस्टर मुद्दाम पाठ करून औषधांच्या कपाटापुढं उभी राहिली. कपाटाच्या काचेत खाट दिसत होती. म्हाताऱ्यानं पेल्याला नुसते ओठ लावले आणि डोळ्यानंच मागच्या दाराकडं खूण केली. बायडाबाईनं वाटीत खडा टाकला, पेला पदराआड धरला आणि बाहेर पडली. सिस्टर तिच्या मागं निघाली.

भिंतीमागं सुबाभळीला एक गाभण मेंढी बांधली होती. पेला फुटक्या घमेल्यात रिता झाला आणि मेंढीनं एका दमात घमेलं चाटून काढलं.

"मावशी! हे काय चालवलंय?"

बायडाबाई दचकली, पण पळाली नाही. "छावणीत मेंढराला जागा न्हाई म्हनले, बाई. गाईम्हशीलाच कानात बिल्ला मिळतोय, आन बिल्ल्याबिगर टाकीवर कुनी थेंब देईना. ही आमची मोरी गाभण हाय, तिला चालवंना, म्हून पोरांनी हितंच सोडली. ते म्हनले, माझ्या वाटचं पानी तिला दे."

"आणि तेरा खडे? ते कशाला टाकले?"

"तुमीच सांगितलं की! टाकीवर न्हाई का बिल्ल्याम्होरं रेघ मारत्यात, कुनाच्या नावावर किती पानी उचललं त्याची? तसंच असंल म्हनलं. एक पेला बी चोरून घेतला न्हाई मी. खडा टाकल्याबिगर न्हाईच."

सिस्टरला ओरडायचं होतं. तोंड उघडलंही, पण ओरडायचं कुणावर? म्हातारीनं सांगितलेलं काम चोख केलं होतं. चोवीस तासांत एक पेला त्याच्या घशाखाली उतरताना सिस्टरनं पाहिला नव्हता. तिनं खडे मोजले होते आणि माणूस मोजला असं समजली होती. तिची तिलाच लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

तिनं फोन लावला. "सर, इंजेक्शन दिलं नाही."

"का?"

एकोणतीस वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. "माझा आकडा खोटा आहे सर. पेशंट पाणी प्यायलाच नाही. मी न बघता लिहिलं."

"सिस्टर, मी तुमच्या आकड्यावर इंजेक्शन सांगितलं होतं."

"माहीत आहे सर. जीभ कोरडी आहे, सूज नाही, बसवलं की प्रेशर पडतं. सलाईन लावू का?"

"लावा. आणि दर तासाला कळवा. या वेळी बघून."

शेवटचे दोन शब्द तिला चांगलेच झोंबले. झोंबायलाच पाहिजे होते.

सलाईन सुरू झालं, पण म्हातारा हात ठेवेना. उठायचा, खिडकीकडं वळायचा, सुई आता निघते का मग निघते. "बाबा, हात हलवू नका!" असं चारदा दटावून झालं. पाचव्यांदा दटावायच्या ऐवजी सिस्टर आपल्या खोलीत गेली, गणवेश धुवायला जपून ठेवलेली अर्धी बादली उचलली आणि मागच्या दारानं नेऊन मेंढीपुढं ठेवली. आत येऊन खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली. तात्याबानं मान उंचावून पाहिलं. मेंढीनं बादलीत तोंड घातलं ते बूड दिसेपर्यंत काढलं नाही, आणि मग ती खाली बसली.

"बसली," तात्याबा म्हणाला. त्याचा हात खाटेवर सैल पडला.

"आता तुम्ही." सिस्टरनं पेला स्वतः त्याच्या तोंडाला लावला आणि गळ्याची घाटी खालीवर होताना पाहत राहिली. पेला संपल्यावरच तिनं लिहिलं.

पाच वाजता भांड्यात तीनशे मिलिलिटर लघवी होती आणि सकाळचा काढ्याचा रंग बराच उतरला होता. सिस्टरनं भांडं उजेडात धरून दोनदा पाहिलं. मग तक्ता घेतला, सव्वीसशेवर आडवी रेघ मारली, शेजारी लिहिलं, 'पिताना पाहिले नाही', आणि सही केली. इतका घाणेरडा तक्ता तिनं आजवर लिहिला नव्हता.

"मावशी, भांडं ओतून या," ती म्हणाली. बायडाबाई उठली आणि उठता उठता तिनं भिंत धरली. डोळे मिटले, उघडले, पुन्हा पाऊल टाकायला गेली.

"थांबा." सिस्टरचं लक्ष तिच्या ओठांकडं गेलं. सकाळपासून ही बाई डोळ्यांपुढं होती. सिस्टरनं तिला खाटेच्या कडेवर बसवलं, गळ्याखालची कातडी चिमटीत धरून सोडली. चिमटी तशीच उभी राहिली.

"मावशी, तुम्ही पाणी कधी प्यायलात?"

"प्याले की. काल... न्हाई, परवा. टँकरवाल्यानं घोटभर दिलतं."

"आणि इथलं? पिंप शेजारी आहे."

"ते पेशंटचं हाय, बाई." बायडाबाईनं दाराकडं बोट दाखवलं. "आल्या दिवशी मी इचारलं, हितल्या शिपायानं पाटी वाचून दावली मला."

सिस्टरनं पाटीकडं पाहिलं नाही. पेला काठोकाठ भरला आणि पुढं धरला. म्हातारीनं घेतला, पण तोंडाला लावेना, नवऱ्याकडं बघत बसली.

"पी की," तात्याबा खाटेवरून म्हणाला. "मोरी बी प्याली."

मग तिनं पेला उचलला तो एका दमात संपवला. थोडं पाणी हनुवटीवरून ओघळलं, तेही तिनं बोटानं टिपून चाटलं. सवयीनं कमरेच्या पिशवीतून एक खडा काढला, वाटीशी हात नेला आणि तिथंच थांबली.

"बाई, ह्यो कुनाच्या नावावर टाकू?"

सिस्टरनं कोरा तक्ता पुढं ओढला आणि वर नाव लिहिलं, बायडाबाई.

"तुमच्या," ती म्हणाली, आणि दुसरा पेला भरला.