कावळ्यानं न शिवलेला घास

कावळा त्या दिवशीही घासाला शिवला नाही आणि धोंडीरामच्या घरात सकाळी सकाळी जुंपली.

माझं किराणा दुकान त्यांच्या दारासमोरच आहे, मध्ये एक बैलगाडी जाईल एवढी वाट. त्यामुळं त्या घरातलं भांडण ऐकायला मला कुठं जावं लागत नाही, ते आपल्या पायानं माझ्याकडं येतं.

"आज बी न्हाई शिवला," माळवदाच्या कडेला ठेवलेल्या भाकरीच्या कुटक्याकडं बघत छबुबाई म्हणाली.

"त्याला भूक नसंल," धोंडीराम म्हणाला. "गावात खायला कमी हाय का? कावळा काय तुझ्याच दारी उपाशी बसंल?"

"तुमाला काळीजच न्हाई. लेकरू भटकतंय माझं. मी मोहनरावाला सांगावा धाडलाय."

"कावून?"

"कावून म्हंजी? सटवाला बोलावणार हाय मी. कावून घास शिवंना, ते त्याच्याच तोंडून ऐकते."

"लबाड हाय त्यो माणूस. खामखा घराचा तमाशा करशील," एवढं बोलून धोंडीराम खांद्यावर कुदळ टाकून निघाला. शेताकडं जायची जवळची वाट विहिरीवरून होती. तो लांबच्या वाटेनं गेला. गेले तीन महिने तो त्याच वाटेनं जात होता.

सटवा त्यांचा एकुलता लेक. ऐन उन्हाळ्यात, अखितीच्या तोंडावर, विहिरीतला गाळ काढायला उतरला आणि दोर तुटला. विहिरीवर बापलेक दोघंच होते. बापाचं ओरडणं ऐकून शेजारच्या रानातला म्हाळू धावत आला, तोवर सगळं संपलं होतं. आमच्या धारूरच्या डोंगराकडंच्या विहिरी मुरमाच्या आणि कातळाच्या. त्या वरून पडलेल्याला झेलत नाहीत.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस बसवून पुरतात, कावळ्याची आर्जवं करायची वेळ येत नाही. पण सटवाच्या दहाव्याला मीही नदीवर गेलो होतो. पात्रात पाणी नव्हतं, एक डबकं काय ते उरलं होतं. पिंड मांडला. बाभळीवर कावळा होता, पण तो काही खाली येईना. मेलेल्याची इच्छा अडकली असली की कावळा शिवत नाही, मग एकेकानं पुढं होऊन ती ओळखायची, जमलेल्यांसमोर शब्द द्यायचा, अशी रीत.

"सटवा, तुझ्या पोरीचं लगीन थाटात करू रं!" सटवाचा मामा म्हणाला. कावळा हलला नाही.

"हिरीचं काम तडीला नेऊ!" तरीही नाही.

सटवाचा चुलतभाऊ उत्तरेश्वर पुढं झाला. "सटवा, तुला रंगीत टीवी घ्यायचा व्हता न्हवं? मी आणतो बे! डिश बी लावतो!" त्या वर्षी धारूरात घरोघर छत्र्या चढत होत्या, सटवाला त्याचं लई वेड. कावळ्यानं मान तिरकी केली, पण टीव्हीसाठीही तो उतरला नाही.

"नाना, तुमी बोला की," उत्तरेश्वर धोंडीरामला म्हणाला.

धोंडीरामनं तोंड उघडलं. ओठ हलले, शब्द आला नाही. त्यानं तोंड मिटून घेतलं. मला वाटलं, बाप आहे, गळा दाटला असेल. ऊन चटके द्यायला लागलं, तेव्हा दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि माणसं घरी परतली. पण छबुबाईच्या मनात तो बाभळीवरचा कावळा बसला तो बसलाच.

आणि बोलणाऱ्यांची तोंडं भिवराबाईकडं वळली. भिवरा सटवाची बायको, कडेवर दीड वर्षाची पोर. सटवा गेला त्या सकाळी दोघांचं वाजलं होतं. तिला अखितीला माहेरी जायचं होतं, तो म्हणत होता गाळ निघू दे. शेवटी ती संतापून ओरडली होती, "मग जावा, हिरीतच घर करा!" म्हाळूच्या बायकोनं ते भिंतीपलीकडून ऐकलं, आणि तिनं ऐकलं म्हणजे गावानं ऐकलं. कुठल्या घरात सकाळच्या पारी नवरा-बायको ओव्या म्हणतात? पण तोंडातून निघायला नको तोच शब्द निघाला आणि दुपारी खरा झाला. भिवरा त्या दिवसापासून कुणाशी मोठ्यानं बोलली नाही. दुकानात आली तरी काय पाहिजे ते बोटानं दाखवायची. मला तिची कीव यायची आणि गावाचा संताप यायचा.

विहिरीवरची कप्पी वारा नसतानाही कुरकुरते, असं म्हाळू सांगायचा. मी त्याला हसायचो. मग एकदा तिन्हीसांजेला त्या बांधावरून येताना मलाही ती ऐकू आली. मी मागं वळून बघितलं नाही, झपाझपा पावलं उचलली. दुकानात बसून हसणं सोपं असतं.

आषाढी अवसेला मोहनराव यायचा ठरला. आदल्या दिवशी छबुबाई नारळ, कापूर न्यायला आली.

"वहिनी, त्या बिचारीला कशाला यात वढता?" मी म्हणालो.

"आप्पा, मी कुणाला वढत न्हाई. सटवा सांगंल त्ये खरं. त्यानं हिचं नाव घेतलं, तर उंबऱ्याच्या आत ठेवायची न्हाई हिला. पोरीसकट माहेरी घालीन."

माहेरी होतं कोण? बाप मेलेला, भाऊ सहा महिने कारखान्यावर उसाला. ऊसतोडीला कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकट्या बाईला मुकादम दारात उभा करत नाही. भावजयीच्या दारात पोर घेऊन पडायचं, दुसरं काय. छबुबाईला हे कळत नव्हतं असं नाही. पण लेक गेलेल्या आईला कुणीतरी गुन्हेगार लागतो, त्याशिवाय तिला रात्र निघत नाही.

मोहनराव आष्टीकडचा. सफारी घालायचा, जीपनं यायचा. आधी तो गावोगाव कंपनीचं बियाणं विकायचा म्हणे. आता मेलेल्यांना बोलावतो. दोन्ही धंद्यांत माल उगवेपर्यंत विकणारा पुढच्या गावी गेलेला असतो.

दुपारी ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर आभाळ भरून आलं होतं, पण पडत नव्हतं, नुसतं उकडत होतं. धोंडीराम खांबाला टेकून उभा. भिवरा आतल्या दाराच्या चौकटीत, पोर कडेवर. मोहनरावानं ऊद पेटवला, डोळे मिटले.

"पाणी दिसतंय," तो म्हणाला.

"हिरीतच गेला वो माझा लेक!" छबुबाई.

"विहीर. तेच म्हणतोय तो. पायाला लागलंय..."

"पायाला न्हाई, डोस्क्याला लागलं."

"पाय आधी निसटला, मग डोकं."

माना डोलल्या. मी आतल्या आत चरफडलो. अहो, गिऱ्हाईक आलं की मीही म्हणतो, "पाव्हणे आले वाटतं?" आले असले तर ते चाट पडतं, आप्पाला कसं कळलं? आले नसले तर साखर घेऊन जातं आणि मी काय विचारलं ते विसरतं. जन्म गेला माझा यात.

"त्याचं काहीतरी राहिलंय," मोहनराव पुढं म्हणाला. "घ्यायचं होतं त्याला... मनात होतं..."

"टीवी!" उत्तरेश्वर ओरडला. "रंगीत टीवी!"

"टीव्ही. हां."

सगळी ओसरी हळहळली. मग मोहनरावानं डोक्यावरून काळा टॉवेल घेतला आणि बारीक, घोगऱ्या आवाजात बोलला, "आये... लई अंधार हाय गं हितं, आये..."

छबुबाईनं हंबरडा फोडला. खोटं सांगणार नाही, माझ्याही अंगावर काटा आला. आवाज सटवाचा नव्हता, कुणाचाच नव्हता. पण त्या उकाड्यात, त्या धुरात, तो कुणाचाही झाला असता.

"मला एक शबूद लागला, आये. निघताना घरातलं माणूस बोललं. जिव्हारी लागलं."

टॉवेलची कड जराशी वर झालेली मी पाहिली. माणसं कुठं बघतात ते तो बघत होता. आणि सगळे डोळे चौकटीकडं गेले होते.

"बाईमाणूस," टॉवेलाखालून आवाज आला.

भिवरानं कडेवरची पोर घट्ट धरली. ती तिथंच खाली बसली. "मीच म्हणले," ती म्हणाली. तीन महिन्यांत तिचा आवाज पहिल्यांदा मोठा निघाला. "हिरीत घर करा म्हणले. माज्या तोंडानं खाल्लं त्यान्ला. मला घालवा आत्याबाई. माजी हितं ऱ्हायाची लायकी न्हाई."

"ऊठ," छबुबाई म्हणाली. तिचा आवाज थंड होता. "बोचकं बांध."

"थांब," धोंडीराम म्हणाला.

तो खांबापासून सुटून पुढं आला आणि मोहनरावासमोर बसला. "सटवा आलाय न्हवं? मग त्याला इचारा, हिरीत उतरायच्या आदी त्यो मला काय म्हणला. आमी दोघंच व्हतो. तिसरं कुणी न्हवतं."

मोहनरावानं टॉवेल सारखा केला. "तो म्हणाला... आईला सांभाळा."

"न्हाई."

"पोरीला शिकवा म्हणाला."

"न्हाई."

"घरी फार त्रास होतो म्हणाला, आबा."

"न्हाई. अजून सांगा."

ओसरीत चुळबुळ सुरू झाली. मला वाटलं, धरला चोर! पण मोहनराव कच्चा नव्हता. तो हळूच म्हणाला, "तुम्ही नुसतं नाही नाही म्हणताय. आम्ही कसं मानायचं? मग काय म्हणाला, ते तुम्हीच सांगा चार माणसांत."

धोंडीराम गप्प झाला. नदीवर झाला होता तसाच. तोंड उघडलं, ओठ हलले. बाहेर पिंपळावर कावळे कलकलत होते. त्यानं एकदा भिवराकडं पाहिलं. ती बसल्या जागी पोरीचं डोकं छातीशी दाबून हलत होती.

"त्यो म्हणला, आबा, दोर विटलाय," धोंडीराम बोलला. "बाजारच्या दिशी धारूरातून नवा आणू, मंग उतरतो. मी म्हणलो, बायकूनं कान भरलं का रं तुझं? भ्याला असशील तर लुगडं नेस, मी उतरतो." त्याला धाप लागली. "त्यो हासला. काय बी बोलला न्हाई. हासला आन उतरला."



"दोर मला दिसत व्हता," धोंडीराम म्हणाला. "विटलेला दिसत व्हता. हिच्या बोलण्यानं त्यो गेला न्हाई. माज्या बोलण्यानं गेला. आन ह्या भामट्याला त्ये ठाव न्हाई, कारण सटवा हितं आलाच न्हाई."

मला रडू फुटलं. माणूस इतका एकटा पडलेला मी पाहिला नव्हता. लबाडी उघडी पाडायला दुसऱ्या कुणाला चार आण्याची अक्कल पुरली असती. धोंडीरामला त्यासाठी स्वतःला उघडं करावं लागलं.

मोहनरावाच्या कपाळावर घाम होता. पण बियाणं विकलेला माणूस तो. त्यानं टॉवेल काढला, घडी केली, वर बघून हात जोडले.

"सुटला," तो म्हणाला. "घरातलं माणूस म्हणालो होतो ना मी? आत्म्यानं वदवून घेतलं. तीन महिने जे तोंडातून निघालं नाही, ते आज निघालं. सुटला तुमचा सटवा."

आणि सगळ्यांत आधी छबुबाई त्याच्या पायावर पडली.

"आरं, बाईमाणूस म्हणला न्हवता का त्यो आत्ता!" मी ओरडलो. "ऐकलं न्हाई का कुणी?"

"आप्पा," उत्तरेश्वर हात जोडतच म्हणाला, "तुमी लिंगायत. तुमाला काय कळतंय कावळ्यातलं?"

गाव ओळीनं पाया पडलं. नारळ माझ्याच दुकानातले होते. मोहनरावाची जीप मग आमच्या बाजूला वरचेवर यायला लागली. बापाकडून गुन्हा कबूल करून घेतला, अशी त्याची कीर्ती पार युसूफ वडगावपर्यंत गेली.

भिवराला मात्र कुणी बोचकं बांधायला सांगितलं नाही. ती राहिली. छबुबाईनं धोंडीरामशी बोलणं टाकलं, त्याला वाढणं टाकलं. त्याचं ताट आता भिवरा वाढते.

धोंडीराम पुढच्या बाजारी धारूरला गेला आणि नवा दोर घेऊन आला. तो ओसरीतल्या खुंटीला टांगलेला असतो. विहिरीत उतरायचं कुणाच्याच मनात नाही, आणि दोर काढून ठेव असंही त्याला कुणी म्हणत नाही.

मोहनरावाला तो अजून भामटाच म्हणतो. मेलेलं माणूस बोलत नसतं, हेही सांगतो. पण छबुबाईनं माळवदावर घास ठेवायचं सोडलं, आत्मा सुटला म्हणून, आणि दुसऱ्या सकाळपासून तो घास धोंडीराम ठेवायला लागला. ठेवतो, आणि खाली वाटेवर उभा राहून वर बघत बसतो. मी दुकानाची फळी काढताना त्याला हाक मारत नाही.

परवा असाच उभा होता. ऊन चढलं तरी हलेना. कावळा आला, माळवदाच्या कडेवर बसला, घासाभोवती दोनदा फिरला आणि उडून गेला.

भिवरा दारात आली. "मामा, भाकर निवतीया."

तो वरच बघत राहिला.

"मामा," ती पुन्हा म्हणाली, आता वाटेवरल्यालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "मी काय इसरले न्हाई. इसरणार बी न्हाई. पर तुमी जेवा."

धोंडीरामनं मान खाली घातली आणि तो तिच्या मागं आत गेला.