रेघा काढल्यावर

शनिवारी दुपारी चंद्रहास घरातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटच्या डीव्हीडी करून घेऊन आले आणि घामेजल्या शर्टानेच लेकीच्या कॉम्प्युटरसमोर बसले. विनिताने एक लावली. पडद्यावर कोणी हात हलवला की हाताच्या कडेला आडव्या रेघांचे दात फुटत.

"आमच्या टीव्हीला मुंग्या यायच्या," ते म्हणाले, "तुझ्या ह्या डब्याला कंगवा आलाय."

"करते नीट, बाबा."

"सावकाश कर. पेन्शनीतल्या माणसाला घाई कसली?"

मग त्यांनी फणस फोडला, हाताला तेल लावून गरे काढले, आठळ्या भाजीसाठी बाजूला ठेवल्या. रविवारी पहाटे छातीत कळ आली. दवाखान्याकडे निघालेली रिक्षा फुलपाड्याच्या वस्तीबाहेर पडायच्या आत सगळं आटोपलं.

तेराव्याला आलेल्यांना आठवत होते ते निवृत्तीनंतरचे चंद्रहास, सोसायटीतल्या पोरांना लिमलेटच्या गोळ्या वाटणारे. विनितालाही तेच आठवत, आणि जीव तुटत असे. पण त्यांच्याआधी एक दुसरे चंद्रहास होते. जिन्यात त्यांची पावलं वाजली की घरातला रेडिओ बंद व्हायचा. बशी फुटली तर कोणी फोडली हे कळायच्या आधी हात उठायचा. त्यांच्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. तीही कधी बोलली नव्हती.

वर्षश्राद्धाला सगळे जमतील तेव्हा हसरे बाबा दाखव, असं आईने, सरोजिनीबाईंनी, बजावलं होतं. जुन्या कॅसेटमध्ये ते एकाच ठिकाणी हसताना सापडले, विनिताच्या आठव्या वाढदिवसाला.

त्या काळचा व्हिडिओ कॅमेरा एक चित्र दोन खेपांत टिपायचा. आधी एकाआड एक रेघा, मग निमिषभराने उरलेल्या. माणूस स्थिर असला की दोन्ही खेपा बिनबोभाट जुळत. हलला की कडा फाटत.

विनिता एकेक चित्र पुढे सरकवू लागली. केक, फुगे, समोरच्या काकू, सगळं स्वच्छ. बाबा कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत, हात तिच्या डोक्याकडे निघालाय, आणि तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसता रेघांचा गुंता. तिने दोन खेपा वेगळ्या केल्या, एक ठेवली, मधली जागा भरून घेतली.

चेहरा आला. डोळे घट्ट मिटलेले, मान खांद्यांत गेलेली.

पुढच्या चित्रांत बाबांनी तिचा कागदी मुकुट सरळ केला होता, आणि ती हसत होती. टीव्हीवर इतक्या वेळा पाहिलं, तरी हे कोणाच्या नजरेत आलं नव्हतं.

"काय गोड हसलेत गो," मागून आई म्हणाली. मग थांबली. "तू डोळे का मिटलेस? त्या व्हिडिओवाल्याचा दिवा केवढा होता! झळ लागली असेल."

"दिवा नाही, आई."

"असेल काही. पुसून टाक तेवढं. गेलेल्या माणसाचं चांगलं तेच राहू दे."

पुसणं सोपं होतं. दोन्ही खेपा एकमेकींत कालवल्या की तो चेहरा धूसर झाला असता. विनिताने माउसवरचा हात काढला आणि खुर्ची आईकडे वळवली.

"आई, मला बाबांची भीती वाटायची. ते हसत असले तरीसुद्धा."